बिनधुराचे इंजिन

शीतगृहाचे दार आम्ही आपल्याच हाताने ओढून घेतले होते. बाहेर ह्युऑन खोऱ्यावर मार्चचे ऊन वितळत होते आणि आतल्या सफरचंदांना त्याची झळ लागू द्यायची नव्हती.

"पेट्या उचलायची विजेची फोर्कलिफ्ट चार्जिंगला लागलीय, संध्याकाळपर्यंत उठायची नाही ती," माझा थोरला भाऊ डॅरिल म्हणाला होता. "ही माझी म्हातारी बघ. गॅसची टाकी बदलली की पाच मिनिटांत तयार. डिझेलवालीसारखा धूर नाही, खोकणं नाही."

"आत चालवायची नाही असं लिहिलंय तिच्यावर."

"लिहिणाऱ्याला म्हणावं, ये आणि हातानं उचल पेट्या. पंधरा मिनिटांचं काम, नोएलीन!"

जुनी फळे पुढे आणायची होती. वाट करण्यासाठी त्याने पुढच्या पेट्या दाराशी रचल्या. एकेक चारशे किलोची. मी पेट्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत राहिले. पंधरा मिनिटांचा तास झाला. कपाळात एक बारीक खिळा शिरू लागला. तो मी थंडीच्या नावावर खपवला. मग डॅरिलने एकच पेटी तीनदा उचलली आणि तीनदा तिथेच ठेवली.

"काय करतोयस?"

"कुठली म्हणालीस?" शब्द ओले, जड. तो आसनावरून घसरला.

मी किल्ली फिरवून इंजिन थांबवले, त्याला भिंतीशी ओढले. छतातले पंखे तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होते. दाराची कडी पेट्यांमागे होती. फोनला रेंज नव्हती. हाका जाड भिंतींनी गिळल्या. सगळे जेवायला गेले होते. पेटीला खांदा लावला, ती तसूभरही हलली नाही.

त्या पेट्या हलवण्याचे बळ या खोलीत एकाच्याच अंगी होते, आणि त्यानेच आम्हाला इथवर आणले होते. ते इंजिन जागे करायचे म्हणजे उरल्यासुरल्या हवेत त्याचे न दिसणारे, वास नसलेले विष आणखी ओतायचे.

"झोपू दे गं," डॅरिल पुटपुटला.

"झोपलास तर लाथ घालीन."

मी किल्ली फिरवली. काटे पेट्यांखाली शिरले, ओझे उचलले गेले. आता मागे घ्यायचे. आणि डॅरिलला डाव्या भिंतीशी ठेवले की उजव्या, हे मला आठवेना. मान वळवली की अंधार येत होता. इंजिनाच्या घरघरीत माझी हाक मलाच ऐकू आली नाही. ते बंद केले.

"डॅरिल! बोल काहीतरी!"

कितीतरी वेळाने डावीकडून एक क्षीण शिवी आली, आमच्या बापाची आवडती.

पुन्हा किल्ली. चाक उजवीकडे. पेट्या सरकल्या, मी गाडीवरून उतरले, कडी हाताला लागली, आणि ऊन अंगावर कोसळले. डॅरिलच्या काखांत हात घालून मी त्याला फरपटत बाहेर आणले. डोळे उघडे होते, मला ओळखत नव्हते. छाती मात्र हलत होती.

माणसे हातातला पाव टाकून धावली. कोणीतरी ऑक्सिजनसाठी ओरडले.

"अगं, आत गाडी चालूच आहे," म्हणत पॅकिंगवरची ग्लेनिस दाराकडे निघाली.

माझ्या हातांत बळ उरले नव्हते. मी तिची बाही दातांत धरली.