व्हेरोना मावशीचं घर रस्ता ओलांडतं

आमच्या टॉमलिन्स बेमध्ये घर आपलं असतं आणि जमीन दुसऱ्याची. जमीनवाल्याचं डोकं फिरलं की माणसं घर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात. फळ्या सुट्या करायच्या, त्यांच्यावर खडूने आकडे घालायचे, ट्रकवर चढवायच्या आणि नव्या जागी दगडांच्या चवडींवर पुन्हा उभ्या करायच्या. पहाटे सुरुवात केली तर संध्याकाळी आपल्याच टेबलावर जेवता येतं. बार्बाडोसमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. बत्तीस वर्षं इंग्लंडात राहून मला वाटायला लागलं होतं, आणि तेवढ्यावरून डार्नली मिस्त्रीने ओळखलं की मी कामातून गेलो.

मी गावात पर्यटक म्हणून उतरलो होतो. आठवड्याचं परतीचं तिकीट होतं, लीड्सच्या कॉलेजातून काढलेली रजा होती (मी तिथे भूगोल शिकवतो), आणि किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलात खोली होती. विमानतळावरच्या अर्जात 'येण्याचे कारण' विचारलं होतं तिथे मी 'पर्यटन'वर खूण केली. 'मावशीला वृद्धाश्रमात जायला राजी करणे' याला चौकोन नव्हता.

माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली, आणि व्हेरोना मावशीने मला वाढवलं. आता ती एक्क्याऐंशीची होती, आणि काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी तिची दृष्टी पूर्ण नेली होती. ती एकटी राहायची. पाचला उठायची, सात पावलांवर स्टोव्ह गाठायची, चहा करायची, तोंड धुऊन, केस विंचरून पुढच्या दाराशी उन्हात बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला नुसत्या चालीवरून ओळखून त्याच्या घरची खबर काढायची. हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण तिच्या जमिनीच्या मालकाने जागा विकली, ती नेमकी माझ्या हॉटेलला. हॉटेलला तिथे पोहण्याचा तलाव हवा होता. समुद्र वीस पावलांवर होता, पण त्यात म्हणे लाटा येतात.

चर्चने रस्त्यापलीकडे, नीरफणसाच्या झाडाखाली मावशीला जागा दिली. सरकारी दवाखान्यातल्या नर्स ग्रीनिजबाईंनी मात्र मला पत्र घातलं. घर हललं की आंधळ्या माणसाचा पाय चुकतो, असं त्यांचं म्हणणं. घर हलल्यानंतरच्या मंगळवारी पहाटे त्या येऊन बघणार होत्या. मावशी पलंगावरून उठून कुणाच्या मदतीशिवाय स्टोव्हपर्यंत गेली आणि तिने चहा केला, तर ती राहील. नाहीतर ब्रिजटाउनच्या आश्रमात एक खाट राखून ठेवली होती, आणि कागदावर सही मी करायची होती. मी पेन घेऊनच आलो होतो. खरं सांगायचं तर आश्रमच बरा, असं मला वाटत होतं. लांब राहणाऱ्या माणसाला असले विचार फार स्पष्ट सुचतात.

शनिवारी पहाटे अख्खी आळी जमली. डार्नली मिस्त्री माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. लहानपणी आम्ही एकाच खेकड्यावरून मारामारी केली होती. त्याने माझ्या हातात खडू दिला.

"प्रोफेसर, हे तुमच्या हाताला शोभतं. आकडे तुम्ही घाला, हातोड्याचं आम्ही बघतो."

मी आकडे घालत गेलो आणि घर माझ्या देखत सुटत गेलं. स्वयंपाकघराच्या फळीमागे जुनी वर्तमानपत्रं निघाली. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, माझ्या उंचीच्या. शेवटची रेघ माझ्या छातीशी येत होती. त्यानंतर मी वाढलो ते कुणी मोजलं नव्हतं. फळ्यांना रॉकेलचा आणि तळलेल्या माशांचा वास होता, आणि त्या वासाबरोबर मला आठवलं की हेच घर मी आठ वर्षांचा असताना टेकडीवरच्या उसाच्या मळ्यातून इथे आलं होतं, दोन बैलगाड्यांवर. पुढे आई हातात कंदील घेऊन चालत होती. दिवसाउजेडी तो पेटवलेला होता, कारण विझलेला दिवा घेऊन नव्या घरात जायचं नसतं. मागून मावशी डोक्यावर गादी घेऊन येत होती आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "समुद्रावर राहायला चाललोय. उद्यापासून मोठी माणसं आम्ही." त्या दिवशी मला वाटलं होतं की सगळ्या जगात घरं अशीच मागोमाग चालत येतात. लीड्सला गेल्यावर पहिला हिवाळाभर मी विटांच्या भिंतींकडे बघत होतो आणि मला त्यांची दया येत होती.

दुपारी उडते मासे तळले गेले, रमची बाटली फिरली, आणि चारच्या सुमारास घर रस्त्यापलीकडे उभं राहिलं. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, तोंड रस्त्याकडे. शेजारच्या बोव्हेलबाईंनी मावशीला हाताला धरून आत नेलं. मावशीने चौकट चाचपली, टेबल चाचपलं, पलंगापासून स्टोव्हपर्यंत पावलं मोजली. सात. ती खुर्चीत बसली आणि तिने हात जोडून डार्नलीचे आभार मानले. मग ती मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिली.

"डार्नली," ती म्हणाली, "समुद्र माझ्या बैठकीच्या खोलीत कुणी आणून ठेवला?"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या जागी पुढे रस्ता होता आणि स्वयंपाकघरामागे समुद्र. आता घर रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला होतं. त्याचं तोंड रस्त्याकडे ठेवलं म्हणजे रस्ताही पुढे आणि समुद्रही पुढे. आत एक फळी इकडची तिकडे झाली नव्हती, पण घराने पाठ फिरवली होती. सहा वर्षं मावशी पहाटे उठून आधी समुद्र ऐकायची आणि त्या आवाजाकडे सात पावलं चालायची. तिच्या लेखी लाटांचा आवाज म्हणजे स्टोव्ह होता. आता त्या आवाजाकडे चाललं की पुढचं दार येत होतं, आणि दाराखाली सुट्या दगडांच्या चार पायऱ्या, कठडा नसलेल्या.

डार्नली म्हणाला की आकडे प्रोफेसरांनी घातले. मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत. तो म्हणाला, हीच तर अडचण आहे. मी भूगोल शिकवतो हे त्याने उपस्थितांना दोनदा सांगितलं. पण तो मनाचा चांगला. अंधार पडायच्या आत सगळं उतरवून उलटं उभं करू, घराची पाठ रस्त्याकडे आणि स्वयंपाकघर समुद्राकडे, असं तो म्हणाला.

यावर बोव्हेलबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली. गावात आजवर एकाच माणसाने घराची पाठ रस्त्याकडे केली होती, तो म्हातारा कफली. तो सगळ्यांशी भांडलेला होता. तो मेला तेव्हा शवपेटी कुठल्या दाराने काढायची यावरून अर्धा तास गेला. आणि उद्या पाद्री आले तर ते काय संडासाजवळून आत येणार? बाईंचा मुद्दा बिनतोड होता. डार्नली म्हणाला, पडून हाड मोडण्यापेक्षा संडासाजवळून यावं पाद्रीबाबांनी. वाद वाढला. मी मावशीकडे पाहिलं. उलटं घर म्हणजे सुखरूप चहा, आणि मंगळवारी पास. मी तिला तसं समजावलंही.

"मी आंधळी आहे," मावशी म्हणाली, "बेशरम नाही. घर रस्त्याकडेच बघेल. समुद्राचं माझं मी बघून घेईन."

रविवारी दिवसभर तिने सराव केला. दिवसा ते सोपं होतं, कोंबडे असतात, गाड्या असतात, कुणी ना कुणी बोलत असतं. सोमवारी पाचला मी हॉटेलातून आलो तेव्हा पुढचं दार उघडं होतं आणि मावशी उंबऱ्यावर एक पाय अधांतरी धरून उभी होती. मी हाक मारली. ती म्हणाली, वारा कुठून येतोय ते बघत होते.

मंगळवारी नर्स ग्रीनिजबाई खुर्चीत बसल्या, मी भिंतीशी उभा राहिलो. मावशी उठली. तिने ऐकलं. भरती होती. ती पलंग सोडून ताठ मानेने सरळ समुद्राकडे चालत गेली आणि तिने पुढचं दार उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशातलं पेन मला जड वाटलं.

मावशीच्या तोंडावर पहाटेचा वारा आला असेल. ती क्षणभर थांबली. मग तिने रस्त्याला "गुड मॉर्निंग" म्हटलं. रस्त्यावर एक कोंबडी होती.

"आधी घराला हवा दाखवावी," ती वळून म्हणाली, "मग चहा." दाराला पाठ टेकवून तिने पावलं मोजली, स्टोव्ह गाठला आणि तीन कप चहा केला. एक थेंब सांडला नाही.

नर्सबाईंनी चहा घेतला आणि मला हळूच विचारलं, "रोज आधी दार उघडतात का त्या?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मावशीने तोंड धुतल्याशिवाय, केस विंचरल्याशिवाय पुढच्या दाराची कडी कधी काढली नव्हती. गावाला पारोसं तोंड दाखवणं तिच्या मते चोरीच्या खालोखाल होतं.

"रोज," मी म्हणालो. "मी लहान असल्यापासून."

बाईंनी माझ्याकडे पाहून कप खाली ठेवला. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि जाताना म्हणाल्या की पायऱ्यांना कठडा लावून घ्या, आणि थोडे दिवस जरा लक्ष असू द्या. लक्ष कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. खोलीत मीच होतो.

त्या दुपारी मी हॉटेलची खोली सोडली, विमान कंपनीला फोन केला आणि कॉलेजला कौटुंबिक अडचण कळवली. डार्नलीने कठडा लावला, तो म्हणे वर्षभर टिकेल. मी पुढच्या दाराला आडवी चटई टाकली आणि तिच्यावर झोपू लागलो. बुधवारी पहाटे मावशीने माझ्या पोटावर पाय दिला. गुरुवारी बरगडीवर. शुक्रवारी ती म्हणाली की या घरात कुत्रा पाळल्याचं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी नुसता अंगठा लागला. रविवारी चर्चच्या घाईत ती पुन्हा माझ्या छातीवर आली आणि तिने मला, मला तिथे आणणाऱ्या हॉटेलला आणि शेवटी समुद्राला शिव्या दिल्या, पवित्र दिवस असल्यामुळे हळू आवाजात.

नवव्या दिवशी मी आधीच जागा होतो. मावशी उठली, माझ्या दिशेने दोन पावलं आली आणि थांबली. लाटा चांगल्या मोठ्याने फुटत होत्या. मी हललो नाही. मग ती वळली, तिने टेबलाच्या कडेला हात लावला, आणि लाटांकडे पाठ करून चालत गेली. काडी ओढल्याचा आवाज आला. स्टोव्ह पेटला.

मी उठून चटई गुंडाळायला लागलो. ते तिला ऐकू गेलं.

"असू दे ती तिथेच," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "एका दिवसाने काय सिद्ध होतं? अजून महिनाभर झोप तू दाराशी. माझी खात्री पटली की मी सांगेन."