पुस्तकाएवढी फिकट जागा

मित्रांनो, माझ्या अंगावर एका पुस्तकाएवढी फिकट जागा आहे. बाकीचं माझं अंग उजेडानं आणि हातांनी काळपट झालं आहे. तेवढीच जागा तरुण राहिली. आता तीही हळूहळू सावळी होत चालली आहे. ती पुरती पुसली जाण्याआधी माझी गोष्ट तुम्हाला सांगून टाकावी म्हणते.

मी एक जुनी ठवणी आहे. ठवणी म्हणजे पुस्तक ठेवून वाचायची लाकडी बैठक. एक तिरपी फळी, पुस्तक घसरू नये म्हणून खाली एक पट्टी आणि दोन ठेंगणे पाय, एवढीच मी. त्याआधी मी झाड होते. ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. वारा यायचा, काहीतरी सांगायचा आणि जायचा. तो काय सांगायचा ते विसरले, पण कुणीतरी सांगत होतं हे विसरले नाही.

मला एका सुतारानं घडवलं. एका दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोला संध्याकाळी मांडीवर पवित्र शास्त्र घेऊन वाचायची सवय होती. सुताराला अक्षर ओळखू येत नव्हतं. त्यानं मला तेल पाजलं, पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"तुम्हाला तर वाचता येत नाही. मग हे कुणासाठी?" तिनं विचारलं.

"तुझ्या मानेसाठी," तो म्हणाला.

त्या दिवसापासून माझी जागा ठरली. घराला लागूनच कामाची खोली होती. तिथे खिडकीपाशी एक स्टूल, स्टुलावर मी आणि माझ्यावर ते जाडजूड पुस्तक. पलीकडे कामाच्या ठोकळ्यापाशी सुतार रंधा मारत उभा. खिडकीतून ऊन तिरपं यायचं आणि त्यात भुसा असा तरंगायचा, जसं काही खाली पडायचं त्याच्या मनातच नाही. ती वाचायची. रंधा फळीवरून पुढे जायचा, मागे यायचा. लाकडाचे पापुद्रे वळून वळून खाली पडायचे. कधीकधी मला कळायचं नाही की शब्द तिच्या तोंडातून येताहेत की त्या पापुद्र्यांतून.

"अहो, रंधा थांबवा. इथे येशू बोलतोय," ती म्हणायची.

"बोलू दे की. तो पण सुताराच्याच घरचा. त्याला रंध्याचा आवाज नवा नाही."

ती हसायची आणि पुढे वाचायची. पण मित्रांनो, ती सरळ कधीच वाचत नसे. मध्येच तिला घर आठवायचं. हरवलेला मुलगा घरी परत येतोय, बापानं त्याला लांबूनच ओळखलंय, आणि ती म्हणायची, "अहो, कडी लावा, वारा येतोय." मग बाप धावायचा. वादळात नाव हेलकावे खातेय, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय, आणि ती ओरडायची, "अगं बाई, दूध!" उतू जाणारं दूध उतरवून ती परत येईपर्यंत ते बिचारे नावेतच अडकून असत.

तिनं त्याला अक्षरं शिकवायचा प्रयत्न केला. शाळेत जाणाऱ्या लेकीची पाटीही आणली. फळीवरची केसभर चूक त्याला दिसायची, पण अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढून निसटायची. शेवटी तो म्हणाला, "राहू दे. माझी अक्षरं तू."

ते त्यानं थट्टेत म्हटलं होतं. पण ते तसंच होऊन बसलं.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. मध्ये एक काळ असा आला की सुताराच्या बायकोनं मला आरसा टेकवायला वापरलं. मला वाईट वाटलं नाही. तिचा चेहरा चांगला होता.

मग बायको आजारी पडली. पुस्तक उचलायची ताकद तिच्यात राहिली नाही. सुतारानं मला तिच्या पलंगाशी आणून ठेवलं. ती मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून पडायची आणि न उघडताच सांगत राहायची. आवाज इतका बारीक झाला होता की सुतार श्वास रोखून ऐकायचा. एका दुपारी सांगता सांगता ती थांबली. गोष्ट संपली नव्हती.

तिची शवपेटी त्यानं स्वतःच बनवली. कुणाला हात लावू दिला नाही. फळ्या आधीच गुळगुळीत होत्या, रंधा मारावा लागला नाही. पेटीवर झाकण ठेवायच्या आधी तो घरात आला, माझ्यावरचं पुस्तक उचललं आणि जाऊन तिच्या हातांखाली ठेवलं. तिला वाचायला लागेल, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं. लेक रडत होती, चर्चचे पाळक प्रार्थना म्हणत होते. कुणी त्याला अडवलं नाही.

घरी परतल्यावर त्यानं मला परत खिडकीपाशी स्टुलावर ठेवलं, तेव्हा त्याला माझ्यावरची फिकट जागा दिसली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

पुढच्या रविवारी तो चर्चला गेला. दाराशी घंटा वाजवणारा म्हातारा उभा होता. तो सुताराचा जुना दोस्त. जिभेला हाड नाही, पण मनानं साफ. तो म्हणाला, "मिस्त्री, शास्त्रच पुरून आलास म्हणे! आता काय, देवाचा कारभार तोंडी चालवणार?"

त्याला दोस्ताला हसवायचं होतं. पण काही शब्द खिळ्यासारखे असतात. एकदा आत गेले की वरून दिसत नाहीत. सुतार तिथूनच मागे फिरला. त्यानंतर तो चर्चला गेला नाही.

लेक म्हणाली, "बाबा, दुसरं पुस्तक आणू या ना."

"आणून काय करू? वास घेऊ?"

"मी येईन वाचायला."

"तुझं घर आहे, पोरं आहेत. आणि बाई, खरं सांगू का? मी कसला विश्वासणारा! वाचायची ती, विश्वास ठेवायची ती. मी नुसता रंधा मारत होतो. पुस्तक गेलं, वाचणारी गेली. माझ्याकडे काय उरलं?"

लेकीनं त्याच्या ताटातली माशी हाकलली.

त्यानं रंध्याचं कामही सोडलं. कुणाचा खिळा ठोकून दे, कुणाचं कुलूप बसवून दे, असलीच कामं घ्यायचा. रंधा फळीवर तसाच पडून राहिला. मी रिकामी बसून असायची. खिडकीतलं ऊन आता थेट त्या फिकट जागेवर पडू लागलं होतं. माझ्या लाकडाला ते उजेडाचं पाणी हळूहळू चढत होतं. जागेच्या कडा पुसट व्हायला लागल्या. सुतार ते रोज पाहायचा. ती जागा राहिली तरी त्याला बघवत नव्हती आणि गेली तरी बघवणार नव्हती.

एके दिवशी दुपार कलताना त्यानं मला उचललं आणि ठोकळ्यावर लाकूड पकडायच्या शिकंज्यात आवळलं. मला कळलं. सगळं अंग एकसारखं करून टाकायचं, म्हणजे काही दिसायलाच नको, असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं रंध्यावरची धूळ फुंकली. मला भीती वाटली असं म्हणणार नाही. मला झाडाचे दिवस आठवले. वारा येतोय असं वाटलं.

त्यानं माझ्या खालच्या कडेवरून पहिला हात फिरवला. बारीकसा पापुद्रा सुटला, वळला आणि खाली पडला.

आणि सुतार बोलला, "एका माणसाला दोन मुलगे होते."

तो दचकला. त्यानं मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. त्यानं रंधा थांबवला तसे शब्दही थांबले.

त्यानं मला घाईघाईनं सोडवलं, पुसलं आणि स्टुलावर ठेवलं. कोपऱ्यात पडलेली एक फळी घेऊन ठोकळ्यावर आवळली आणि तिच्यावर रंधा चालवला. शब्द परत आले. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन दूर गेला, सगळं उधळून बसला, डुकरांच्या खाण्याकडे बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. रंधा पुढे, रंधा मागे. मुलगा घराकडे निघाला. बापानं त्याला लांबूनच ओळखलं. "अहो, कडी लावा, वारा येतोय," सुतार म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. पण हात थांबला नाही. हात थांबला असता तर बाप धावला नसता.

लेक संध्याकाळचा डबा घेऊन आली तेव्हा तो नावेच्या वादळात होता. खोलीभर पापुद्रे झाले होते. ती दारातच उभी राहिली. "अगं बाई, दूध!" बाबांच्या तोंडून आईचा आवाज आला आणि ती खुदकन हसली, आणि हसता हसता खाली बसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती पाळकांना घेऊन आली. त्यांच्या हातात एक साधं, लहानसं पवित्र शास्त्र होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मिस्त्री, आधी तुमचं ऐकू."

सुतारानं रंधा मारत हरवलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. कडीसकट. शेवटी तो म्हणाला, "आणि आई दिवा घेऊन दारात उभी होती."

"बाबा, आई नाहीये त्या गोष्टीत," लेक हळूच म्हणाली.

पाळकांनी पान उघडून पाहिलं. "आई नाही," ते म्हणाले.

सुताराचा चेहरा उतरला. "बघा. म्हटलं नव्हतं? पुस्तक नाही म्हणजे काही खरं नाही. मी काय काय घुसडलं असेल देव जाणे."

"आईच म्हणायची ते," लेक म्हणाली. "मला आठवतं. वाचून झालं की म्हणायची, माझ्या मते आई दिवा घेऊन दारात असणारच, लिहिणाऱ्यानं आत डोकावलं नसेल."

पाळक हसले. मग म्हणाले, "मिस्त्री, येशूनं स्वतः एकही पान लिहून ठेवलं नाही. तो गेल्यावर कितीतरी वर्षं लोकांनी एकमेकांना तोंडीच सांगितलं. त्यांच्यापाशी जुनं शास्त्र होतं, पण येशूची गोष्ट अजून कुणी लिहिली नव्हती. तरी विश्वास होता. मग ज्यांनी त्याला पाहिलं होतं ते लोक म्हातारे झाले, आणि लिहून ठेवावं लागलं."

"मग आधी काय? सांगणं का लिहिणं?"

उत्तर लेकीनं दिलं. भिंतीवरचा गुण्या काढून तिनं बापाच्या हातात दिला. कोपरा काटकोनात आहे की नाही ते ज्यानं बघतात, तो लोखंडी गुण्या.

"बाबा, यानं कधी कपाट बनवलंय?"

"यानं? छे! हा नुसता सांगतो, कोपरा फिरलाय म्हणून."

"आणि हा नसता तर?"

"तर कपाट झालं असतं. दार लागलं नसतं," सुतार म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर पाळकांच्या पुस्तकाकडे गेली. मग त्यानं ते लहान पुस्तक उचललं आणि माझ्यावर ठेवलं. ते फिकट जागेहून लहान होतं. चारी बाजूंनी जुन्या पुस्तकाची कड दिसत राहिली.

रविवारी तो चर्चला गेला. घंटेवाला म्हणाला, "काय मिस्त्री, तोंडी कारभार जोरात आहे म्हणे!"

"हो. संध्याकाळी ये ऐकायला. फळ्या धरायला माणूस लागतंच."

तो आला. अजूनही येतो.

मित्रांनो, माझ्या खालच्या कडेला त्या पहिल्या रंध्याचा सपाट व्रण आहे. त्यावर बोट फिरवून बघा, लागेल. पुस्तकं जपा, त्यांना ओल लागू देऊ नका, पानांचे कान मोडू नका. पण घरात कुणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर त्यांचं मधलं बोलणंही ऐकून ठेवा. दुधाचं, कडीचं, वाऱ्याचं. ते कुठेच छापलेलं नसतं.

काल संध्याकाळी लेक माझ्यावरच्या पुस्तकातून वाचत होती आणि सुतार रंधा मारत होता. बापानं मुलाला लांबूनच ओळखलं. "थांब," सुतार म्हणाला. लेक थांबली. वारा नव्हता, एक पानही हलत नव्हतं. त्यानं रंधा ठेवला, हात झटकले, जाऊन दाराची कडी लावली आणि परत येऊन म्हणाला, "हं, आता धावू दे त्याला."