पापणी

अंगठ्याखाली पेर येतं — लाठीच्या मधोमध, किंचित फुगलेलं, घामानं काळपट झालेलं — आणि हात तिथे थांबतो, म्हणजे पकड बरोबर आहे. यशोधराने लाठी फिरवली. लिंबाला टांगलेल्या टायरवर वार बसला. टायर हेलकावला, परत जागेवर आला. टायर दबा धरत नाही, मागून येत नाही...

"टायर काय तुला मारत न्हाई," पारावर बसलेले आप्पासाहेब वस्ताद म्हणाले. दिवाळीपासून त्यांचा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता. "आन मारनारी समदी गेली कोयत्याला."

तिसगावची ही तालीम दसऱ्यानंतर अशीच रिकामी होते. शिकणाऱ्या मुली आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. सुरेखाही गेली, जाताना आपली लाठी यशोधराकडे ठेवून. सुरेखा हसत हसत वार करायची, कातडीपासून बोटभर अंतरावर लाठी रोखायची आणि ओरडायची, "आगं डोळं उघड की म्हातारे! मी काय भूत हाय व्हय?"

कारण यशोधराचे हात चुकत नव्हते, पापण्या चुकत होत्या. वार आला की त्या मिटत. पापणी विचार करणाऱ्या मेंदूची परवानगी घेत नाही, हे ती बी.एस्सी.ला शिकली होती, परीक्षेत आकृतीसह लिहिलंही होतं — पण त्या आकृतीत डोळा कुणाचाच नव्हता. त्या संध्याकाळी स्टँडमागे, उभ्या टेम्पोच्या आडोशाला, मागून खांद्यावर हात पडला, त्याने मला वळवलं, तो हात गळ्याकडे सरकला, म्हणजे चेहरा अगदी समोर होता, श्वास लागत होता... आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पळणाऱ्या चपलांचा आवाज तेवढा उरला होता.

"कोन हुता?" आईने विचारलं. मग काकांनी, मग सगळ्यांनी. आणि जिने दिवसभर पाथर्डीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी ओळखायच्या, तिला एवढंही सांगता आलं नाही. चेहरा नसल्यामुळे तो आता कुणाचाही होऊ शकत होता — तिकीट देणाऱ्याचा, पेरू विकणाऱ्याचा, बसमध्ये सरकून जागा देणाऱ्या त्या सभ्य माणसाचा. ती बसमध्ये कुणाशी बोलेनाशी झाली. लोकांना वाटलं, शिकलेल्या पोरीला गर्व आला.

आई यंदा तोडीला गेली नाही. अण्णा, तिचे वडील, काकांच्या टोळीबरोबर गेले आणि आई मागे राहिली, कशासाठी ते न बोलता. परवा मात्र बोलली होती, "संक्रांत झाली की नोकरी सोड. तुझ्या राखणीला मी आनखी एक साल घरी बसू शकत न्हाई." वस्तादांनी मध्ये पडायचं कबूल केलं होतं, एका अटीवर: "उघड्या डोळ्यानं एक वार आडव. मंग मी बोलतो तुझ्या आईशी."

पण वार करायला कुणी तरी हवं ना.

संध्याकाळी लॅबमधून परतल्यावर तिने अंगणात सुरेखाची लाठी आईपुढे धरली.

"मार माझ्यावर. वरून."

"येड लागलं का तुला? पोटच्या पोरीवर हात उचलू?"

"मी अडवीन."

"आन न्हाई आडवला तर?"

"तर संक्रांतीची वाट नको बघायला. उद्यापासून घरी बसते."

आईने तुराट्यांच्या भाऱ्याकडे पाहिलं. "मग त्यातली एक घेते. त्यानं लागत न्हाई."

"लाठीच घे."

आईने लाठी कोयत्यासारखी धरली, अगदी खालून. उचलली. यशोधराने आपल्या लाठीचं पेर अंगठ्याखाली आणलं. आता... पापण्यांच्या कडा जड झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, संध्याकाळचा उजेड त्यात फुटला, आणि त्या फुटक्या उजेडातून लाठी खाली येताना दिसली — सगळी दिसली, तिच्यावरची चीरसुद्धा. लाकडावर लाकूड आदळलं. मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या.

अडवला! वस्तादांना सांगायचं वाक्य ओठांवर आलंही.

मग तिला आईचा चेहरा दिसला. आईने डोळे गच्च मिटले होते. मान एका बाजूला, हनुवटी खाली, खांदे कानांशी आलेले — मारणाऱ्याचं अंग असं नसतं. हे अंग यशोधराला आतून माहीत होतं. बाहेरून ते आज पहिल्यांदा दिसत होतं. उसाच्या कुठल्या फडात, कुणाच्या चेहऱ्यापुढे आईने हे असं मिटून घेतलं असेल... आणि तिला कुणी विचारलं तरी असेल का, कोण होता?

"लागलं का गं?" आईने डोळे न उघडताच विचारलं.

नाही म्हटलं की आई डोळे उघडेल, लाठी भिंतीला टेकवेल, चुलीकडे वळेल. मी ‘नाही’ म्हटलं नाही. अजून लाठीवर लाठी टेकलेलीच होती, आणि मी बघत होते.