हळदीच्या ढिगातली ऊब

मी एक जुना पाण्याचा जार आहे, मित्रांनो. वीस लिटरचा, निळसर, आणि आता अंगभर पिवळा डाग पडलेला. कुरुंद्याच्या शिवारातल्या एका तांड्यावर, शेळ्यांच्या कुडाला टेकून मी उभा आहे. माझ्यात काहीच नाही. जेव्हा होतं, तेव्हा बोलायला सवड नव्हती.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतात ती लग्नं. गुलाबचंद जारवाल्याच्या टेम्पोत बसून मी किती मांडव पाहिले! उन्हातून आलेली माणसं माझं गार पाणी प्यायची आणि डोळे मिटायची. मग एकदा टेम्पोतून घसरलो, गळ्याला चीर गेली, आणि गुलाबचंदनं मला भंगारात टाकलं. तुटलेल्या खुर्च्यांमध्ये चार महिने काढले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून मला पुजानं उचललं. पुजा नववीत आहे. आधी ती वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायची की शेजारणीलाच ऐकू जावी. पण या वर्षी सुनिता मॅडमनी शाळेत हिरव्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. म्हणाल्या, ही स्पिरुलिना, खाता येणारं पौष्टिक सूक्ष्म शेवाळ आहे. एक बाटली शाळेत ठेवू, दुसरी घरी कोण वाढवणार? सगळे खाली बघायला लागले आणि पुजाचा हात वर गेला. आपलाच हात वर गेलेला बघून ती स्वतःच चकित झाली.

तिनं विळा तापवून माझा चिरलेला गळा कापला. मला घासलं, उन्हात वाळवलं. उकळून गार केलेलं पाणी, त्यात खाण्याचा सोडा, मीठ आणि मॅडमनी मोजून दिलेल्या पुड्या. त्यात ती बाटली ओतली. आधी फक्त दोन लिटर. शेवाळ दाटलं की पाणी वाढवायचं. दाटलं की नाही हे बघायला तिनं काडीला शर्टाचं पांढरं बटण बांधलं होतं. काडी पाण्यात बुडवायची. बटण दोन बोटांवरच दिसेनासं झालं की समजायचं, जमलं.

मित्रांनो, मी आयुष्यभर पाणी वाहिलं, पण जिवंत पाणी पहिल्यांदाच सांभाळत होतो. रोज सकाळी ऊन आलं की माझ्या आत हिरवं हलायचं. दिवसातून पाच वेळा पुजा ताकाच्या रवीनं मला ढवळायची आणि तिची आई, म्हणजे तिची याडी, जिवनबाई, चुलीपाशी बसून हसायची.

"हिरवं ताक करून राहिली का गं? पाव्हणे आले त वाढावं म्हनते."

"याडी, हे जित्तं हाये. हलवलं न्हाई त बुडी बसून मरतंय."

"मंग बारसं कर ना त्याचं. माझी रवी त तू नेलीच."

पुजा आता कुठेही बोलायची. परिपाठाला बोलली, पाचवीच्या पोरांना बोलली, जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही तिनं सगळं समजावून सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतली बाटली कुलपात मरून गेली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पुजा, आता सगळं तुझ्याकडेच आहे बरं. विज्ञान प्रदर्शनात मांडू आणि तिथूनच दहा शाळांना एकेक बाटली देऊ." त्या दिवशी ती तांड्यावर पळतच आली.

फेब्रुवारीत गेलेली थंडी परत फिरली. प्रदर्शनाला आठ दिवस होते आणि पुजाला वक्तृत्व स्पर्धेसाठी दोन दिवस हिंगोलीला जायचं होतं. विषय तिनंच निवडला होता: आमच्या घरातलं शेवाळ.

तिचे वडील प्रेमदास हळद शिजवायच्या कामावर होते. निघताना ती त्यांना म्हणाली, "बा, ह्याला थंडी चालत न्हाई. ऊब पाहिजे. ध्यान ठेव."

"ठेवतो की. किती ऊब?"

"दे रे बा ऊब. तुला काय सांगत बसू आता, जीप निघून राहिली."

ती गेली. संध्याकाळी वारा सुटला. प्रेमदासनं मला पोत्यात गुंडाळलं, पण त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी मला उचललं, लेकरू उचलावं तसं, कामावर नेलं आणि हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधून नुकत्याच उपसलेल्या हळदीच्या वाफाळत्या ढिगात काठापर्यंत पुरलं. भोवती आणखी दोन पाट्या टाकल्या. कडेकडेनं हळद दाबली, वारा शिरू नये म्हणून.

"घे," ते म्हणाले. "आता मजेत झोप."

मी ओरडू शकत नव्हतो. आतलं हिरवं आधी फिकट झालं, मग पाण्यात निळा रंग सुटला, मग सगळं तपकिरी होऊन तळाशी बसलं. पुजानं किती महिने हलवलेलं ते पाणी सकाळी अगदी स्वस्थ होतं. त्याला वास येत होता. प्रेमदासनं मला उपसून परत कुडापाशी आणून ठेवलं.

पुजा दुसरा नंबर घेऊन आली. स्पर्धेत तिनं पाठ म्हटलं होतं: पस्तीस अंश चांगले, चाळीसच्या वर धोका. टाळ्या पडल्या होत्या. तिनं बटणाची काडी माझ्यात सोडली. बटण थेट तळापर्यंत दिसत राहिलं.

प्रेमदास जवळ येऊन उभे राहिले. "रंग उतरला व्हय गं? काय झालं?"

तिला सगळं कळलं होतं. माझ्या अंगावरची हळद तिनं पाहिली होती. तिनं काडी बाहेर काढली आणि पुसली.

"थंडीनं गेलं बा," ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही कुणाच्या हाती जीव सोपवाल, तेव्हा त्याला पुरतं सांगा. सगळ्या गावाला सांगून झाल्यावर नाही, आधी घरच्या माणसाला सांगा. तो 'किती' म्हणून विचारतो, तेव्हा थांबा. जीप दुसरी मिळते.

माझं नशीब बदलायचं नाही. प्रदर्शनात पुजाचं टेबल रिकामं राहिलं. ती वर्गात पुन्हा हळूच हजेरी देते म्हणे. आणि प्रेमदास कामावरून आले की माझ्यापाशी थांबतात, माझ्यावरच्या पिवळ्या डागावरून अंगठा फिरवतात.

"अजून दोन पाट्या टाकायला पाहिजे होत्या," ते म्हणतात. "माझ्याच्यानं ऊब कमी पडली."

पुजा घरात असते. तिला ऐकू येतं.