वळवणच्या पंपघराला मिळालेला काना

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुनं पंपघर आहे हे खरं, पण आता माझा तसला वास येत नाही. साबणाचा येतो, गोवरीच्या धुराचा येतो, आणि उबदार गोधडीचा येतो. तुम्ही जो वास शोधताय, त्या कामातून मी केव्हाच निवृत्त झालोय.

व्याकरणाप्रमाणे मी नपुंसकलिंगी. पण ‘मी होतं, मी गेलं’ असं बोललो की माझ्याच विटा हसतात. म्हणून मी ‘होतो, गेलो’ म्हणणार. तुमच्या मराठीच्या बाईंनी माफ करावं.

गोऱ्या साहेबाच्या राज्यात लोणावळ्यात बंगले वाढले. बंगले वाढले की संडासही वाढतात, हे इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पुस्तकातले राजे फक्त लढाया करतात. त्या संडासांतला मैला माणसं टोपलीत भरून डोक्यावरून नेत. मागच्या गल्लीनं नेत, म्हणजे कोणाला दिसू नये. पावसात टोपली गळे. मित्रांनो, मी सगळ्या गोष्टींची थट्टा करतो, पण त्या टोपलीची नाही करणार.

ती टोपली उतरवण्यासाठी माझा जन्म झाला. गावातून नळ टाकले, ते माझ्या पोटातल्या विहिरीत आणून सोडले, आणि त्या विहिरीतला मैला वाफेच्या पंपानं टेकडीपलीकडच्या शेतांत पाठवायचं ठरलं. मला बांधणारा गवंडी इंदुरी गावचा. तिथल्या जुन्या गढीच्या दरवाजावर त्याचा फार जीव. मी कोण होणार आहे, हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. त्याची समजूत अशी, की आपण साहेबाची कचेरी बांधतोय. म्हणून माझ्या खिडक्यांना कमानी आहेत, दारावर दगडी कमळ आहे, आणि धुराड्याच्या टोकाला विटांची नक्षी आहे. एवढ्या थाटाच्या दारातून मैल्याचं स्वागत दुसरीकडे कुठं झालं असेल, असं मला वाटत नाही.

मला वळवण पंपघर असं नाव मिळालं. वळवण हे आमच्या भागाचं नाव. बॉयलर पेटला की मी असा काही गर्जायचो की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. इंजिनावर हौशीराम होता. त्यानं माझं पितळ इतकं घासलं की एका वाट चुकलेल्या यात्रेकरूनं दारात चपला काढून नमस्कार केला. हौशीरामनं त्याला आत काय आहे ते सांगितलं नाही. "त्येचा भाव खरा व्हता," तो नंतर म्हणाला, "मंग आपन कशाला खोटा करायचा?"

एका पावसाळ्यात पटकीची साथ घाट चढून वर आली. आसपासच्या गावांत घरं रिकामी झाली. आमच्या आळीत मात्र कोणी दगावलं नाही. कौतुक? छे! लोकांनी देवाला नारळ फोडले, डॉक्टरला शाल दिली. आगगाडीतले पाहुणे खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून विचारत, "ती देखणी इमारत कसली हो?" तर आमची माणसं म्हणत, "ती ना? ती काही नाही."

बरीच वर्षं मी ‘काही नाही’ होतो.

मग देश स्वतंत्र झाला, आणि काही वर्षांनी मीही झालो. नदीकडे विजेचा पंप बसला. माझ्या जागी पत्र्याची एक पेटी आली. मी गर्जत असे, ती गुणगुणते. माझी विहीर धुऊन, चुना टाकून बुजवली. नळ तोडले. हौशीरामला राखणदार म्हणून ठेवलं. राखायला काय, तर मला. मला कोण चोरणार होतं, हे मलाही कळलं नाही. कमळात पाकोळ्यांनी घरटी केली आणि पोरं माझ्या धुराड्यावर नेम धरून दगड मारू लागली. त्यातले बरेच नेम चांगले होते.

पण हौशीरामला सवय मोडवेना. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून तो भट्टीत थोडा जाळ ठेवायचा. बॉयलर जेमतेम कोमट व्हायचा. वाफेच्या नळ्या उबदार राहायच्या आणि धुराडं सगळी दमट हवा वर ओढून न्यायचं. बाहेर आषाढ, आत वैशाख.

आता आमच्याकडच्या पावसाबद्दल एक शब्द. आमच्याकडे पाऊस येत नाही, राहायलाच असतो. आषाढात दोरीवर टाकलेला सदरा श्रावणात काढला तर त्यावर हिरवळ असते. पाव हिरवा होतो, चप्पल पांढरी होते. माणसाचा रंग तेवढा टिकतो, कारण तो मुळात पक्का.

ह्या पावसाचा सगळ्यात मोठा जाच भामाबाईला होता. बंगल्यांच्या चादरी-पडदे धुऊन ती घर चालवायची. मळवलीच्या बंगल्यांपासून तिच्याकडे गाठोडी यायची. पण पावसाळा लागला की काम बंद, कारण वाळणार कुठं? ओलसर चादरीला कुबट वास येतो, आणि बंगल्यातल्या माणसांची नाकं लांब असतात. म्हणजे चार महिने चूल अर्धी.

एक दिवस ती पाठीवर ओलं गाठोडं घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"हौशीभाऊ, आत जाळ हाय न्हवं?"

"हाय. पर ह्ये सरकारी घर हाय, भामे."

"मंग चादरी बी सायबाच्या हायेत. सरकारीच की!"

हौशीराम कोड्यात पडला. तो उत्तर शोधेपर्यंत तिनं माझ्या नळ्यांवर चादरी पसरल्या होत्या. सांजेला त्या पापडासारख्या कडक झाल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणीची गोधडी आली. मग पाळण्यातल्या बाळाची दुपटी आली, शाळेचे गणवेश आले, हवालदाराची विजार आली. हौशीरामनं नियम केला: धुण्यामागं एक गोवरी. गोवरी आणा, कपडे टांगा. शेवटी एक दिवस भटजीबुवांचं सोवळं आलं. ज्या भटजींनी जन्मभर माझ्यावरून जाणारा रस्ता टाळला, त्यांचं सोवळं! ते सुनेनं आणलं, पदराखाली झाकून, आणि गोवरीही झाकूनच आणली. माझ्या नळीवर वाळलेलं सोवळं सोवळं राहतं का, हे शास्त्रात काय लिहिलंय मला ठाऊक नाही. वाळलं मात्र छान.

हळूहळू माझं ‘वळवण पंपघर’ हे नाव सगळे विसरले. आळीतली बाई निघाली की म्हणायची, "वाळवणाला जाऊन येते." आम्हाला वाळवण म्हणजे पापड-कुरडयांचं उन्हातलं वाळवण. आता गोधड्यांचंही झालं. वळवणचं पंपघर वाळवणाचं झालं. एका कान्याचा फरक, पण तो कागदावर नव्हता, लोकांच्या तोंडात होता.

आणि इथंच सुशोभन समितीचं माझ्याकडे लक्ष गेलं.

ही समिती बाजारातल्या काही सज्जनांनी काढली होती. तिचे अध्यक्ष रखमाजीराव. त्यांचं लॉज होतं. त्यांचं म्हणणं असं, की पाहुणा गाडीतून उतरतो आणि त्याला आधी काय दिसतं? मैल्याचं धुराडं! गावाची शोभा जाते. तेव्हा मला पाडायचं आणि त्या जागी कारंजं बांधायचं. वरच्या कचेरीनंही मान डोलावली. आमच्या गावाला पाण्याची उणीव आहे, असं त्या कचेरीला वाटलं असावं.

पाहुण्यांना आधीच धीर यावा म्हणून रखमाजीरावांनी शिदू पेंटरला माझ्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी रंगवायला सांगितली: ‘वळवण पंपघर पाडणे आहे’. भिंतीवर ‘घर विकणे आहे’ लिहितात ना, त्याच चालीवर.

शिदू आमच्याच आळीतला. त्याचा एकुलता एक चांगला सदरा त्या वेळी आत टांगलेला होता. त्यानं ब्रश बुडवला आणि हाताला जे नाव माहीत होतं तेच लिहिलं. डाव्या बाजूनं, सुंदर गोलाईदार:

‘वाळवण पंपघर पाडणे आहे’

मित्रांनो, शुद्ध लिहिलं असतं तर मी आज नसतो. ‘वळवण पंपघर’ म्हणजे काय, हे आळीत कोणाला ठाऊक होतं? कुठलंसं सरकारी खटलं असेल म्हणून बाया पुढं गेल्या असत्या. पण धुणं घेऊन आलेल्या धोंडाबाईच्या मुलीनं, झुंबरनं, पाटी मोठ्यानं वाचली. धोंडाबाईच्या हातातली बादली खाली पडली.

"काय वाचलंस? पुन्यांदा वाच."

"वाळवण... पाडणे आहे."

"अगं भामे!" धोंडाबाई ओरडली. "आपलं वाळवान पाडायला निगालेत मुडदे!"

रखमाजीरावांनी शिदूला गाठलं. "अरे, वळवण लिहायचं होतं! हा काना कुठून आणलास?"

"चुकला का? पर आबा, सगळे त्येच म्हनत्यात," शिदू म्हणाला. "खोडायचा तर रंग वाळाय पायजे. ह्या पावसात भिताडावर कवा वाळायचा?"

आषाढातल्या एका सकाळी पाडापाडीचा मुहूर्त ठरला. दुपारी पुण्याचे मोठे साहेब कारंज्याचा पाया घालायला यायचे होते. रखमाजीराव नवा कोट, नवं धोतर घालून आले. पावसानं त्यांची छत्री कमळासारखी उलटी केली. मागून ठाकरवाडीचा मुकादम कान्हू आणि त्याची माणसं कुदळी घेऊन आली. सगळे आंब्याच्या लोणच्यातल्या फोडींसारखे निथळत होते.

दारात भामाबाई उभी होती. मागे सगळी आळी.

"बाई, बाजूला व्हा," रखमाजीराव म्हणाले. "घाणीचं घर आहे हे. तुम्हालाच लाज वाटायला हवी."

भामाबाई हलली नाही. "आबा, माझ्या सासूनं टोपली वाहिली. डोक्यावरनं. पावसात ती गळायची, तोंडावर. ह्ये घर उभं ऱ्हायलं तवा ती टोपली खाली आली. म्हातारी मरंपतुर ह्या धुराड्याकडं बघून हात जोडायची. आता माझी चूल बी हितंच पेटती. घाण कुटं हाय, तुमीच आत येऊन दावा."

रखमाजीरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांना शिंक सुचली. एक, दोन, आणि मग मोजायचं आम्ही सोडून दिलं.

"अवो, कुडकुडताय की!" भामाबाईचा आवाज बदलला. "आनि सायेब यायचेत न्हवं? काढा त्यो कोट. आत या."

दारात हौशीराम आडवा आला. "गोवरी?"

"कसली गोवरी?"

"धुन्यामागं एक गोवरी. नेम हाय."

रखमाजीरावांजवळ गोवरी नव्हती. कान्हूजवळही नव्हती. त्यानं हातातल्या कुदळीकडे बघितलं, मग आतल्या जाळाकडे.

"दांडा चालंल का भाऊ?"

"लाकूडच हाय. चालंल."

"कुदळी समितीच्या हायेत," कान्हू आपल्या माणसांना म्हणाला. "ठोका दांडे बाहेर."

अशा रीतीनं मला पाडायला आलेल्या सगळ्या दांड्यांनी माझी भट्टी पेटवली. कितीतरी वर्षांनी मला अशी ऊब आली. मी गर्जलो नाही, पण धुराड्यातून थोडा हुंकार दिला.

दुपारी साहेबांची जीप चिखलात रुतली आणि तेही भिजून आत आले. आत काय दृश्य होतं! नळ्यांवर गोधड्या, गणवेश, सोवळं आणि मजुरांचे सदरे. मधोमध स्टुलावर समितीचे अध्यक्ष, गळ्यापर्यंत भामाबाईच्या गोधडीत. त्यांचं धोतर वर झेंड्यासारखं फडफडत होतं.

साहेबांनी मोजे काढून नळीवर टाकले. पाय शेकले. कमानींकडे बघितलं. मग विचारलं, "कारंजं कुठं होणार?"

"इथंच, साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर आभाळ ओतत होतं. "कशाला?" ते म्हणाले.



"आणि ही एवढी छान जागा कसली?"

सगळ्यांनी रखमाजीरावांकडे बघितलं. रखमाजीरावांनी धोतराकडे बघितलं. धोतर अजून ओलं होतं. घर पडलं तर धोतरासकट पडणार होतं.

"साहेब," ते गोधडीतून खणखणीत आवाजात म्हणाले, "हे आमच्या समितीचं सार्वजनिक वाळवणघर. गोरगरिबांसाठी. भिंतीवर नावही घातलंय, बघा."

आळीतल्या बाया पदरात तोंड घालून इतक्या हसल्या, की साहेबांना वाटलं आनंदानं रडतायत. थोडं तेही होतं. साहेबांनी रखमाजीरावांची पाठ थोपटली. पुढं माझं छप्पर दुरुस्त झालं, फुटक्या काचा बदलल्या, आणि भामाबाईला वाळवणघराची कारभारीण म्हणून नेमलं. आता पावसाळ्यात बंगल्यांची गाठोडी आधी तिच्याकडे येतात, आणि ती "जागा हाय का बघते" असं म्हणून त्यांना ताटकळत ठेवते. दारावर संगमरवरात रखमाजीरावांचं नाव कोरलंय. मला त्याचा राग नाही. गोधडीतला माणूस कधी खोटं बोलत नाही, फक्त उशिरा खरं बोलतो.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं. एखादं जुनं घर दिसलं, त्याचं काम संपलेलं असलं, त्याच्या नावानं लोक नाक मुरडत असले, तरी कुदळ उचलण्याआधी एकदा आत जा. भिंतीला हात लावून बघा. उबदार असेल तर थांबा. आणि आमच्याकडे कधी पावसात भिजलात तर सरळ माझ्याकडे या. फक्त येताना एक गोवरी आणा. हौशीराम आता म्हातारा झालाय, पण नेम सोडत नाही.

पाटीचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी शिदूला ती खोडायला बोलावलं. त्यानं पाटीकडे डोकं वाकडं करून खूप वेळ बघितलं, आणि सगळं न खोडता मधला एकच शब्द खरवडला. बाकीचं आजही तसंच आहे, गाडीतून जाताना दिसतं. आता पाहुण्यांनी बोट दाखवून विचारलं, "ती इमारत कसली?" तर कोणी ‘काही नाही’ म्हणत नाही. भिंतच सांगते, कान्यासकट:

‘वाळवण पंपघर आहे’