वरच्या फळीवरचं पुस्तक

आन्लोगा गावच्या बाजारात अब्ला म्हातारीच्या कांद्यात कुणी खोट काढली, तर ती त्याच्या खानदानात खोट काढून दाखवी. अंगठ्याने दाबायचं, हुंगायचं, की तिला माल कळे. शाळेत ती दोनच वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी बापाने हातात पाण्याची बादली देऊन वाफ्यात उभी केली.

तिची लेक एसिनाम मात्र शिकली. चर्चमागच्या खोलीत पोरांचं वाचनालय चालवायची. यंदा बाळंतपणात गेली, बाळासकट. मागे सहा वर्षांची सेलोर्म राहिली, आणि भिंतभर चित्रांची पुस्तकं. चालवायला कुणी नाही, म्हणून ती पुस्तकं दुसऱ्या गावांतल्या शाळांना द्यायचं ठरलं. न्यायला ट्रक घेऊन सेनानू आला.

"आजी, एसिनामबाईंच्या लेकीसाठी एक ठेवून घ्या," तो म्हणाला.

"एकच? बाकीची काय ट्रकला खायला घालणार?"

"आजी, नोकरी घालवाल माझी." तो हसला. "सेलोर्म, ये बाळा, कुठलं हवं तुला?"

"तिला काय विचारतोस? चाळीस वर्षं निवडण्यात गेलीत माझी. तू खोकी बांध."

अंगावरचं सुतकाचं काळं कापड सावरून अब्ला टेबलाशी बसली. एकेक पुस्तक घेई, उलटंपालटं करी, हुंगे. वरच्या फळीवरची दोन-चार कोरी करकरीत होती. ती तिने बघून न बघितल्यासारखी केली. ज्या ढिगावर गिऱ्हाईक हात घालत नाही, त्यात काहीतरी खोट असणार, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मग हाताला बकरीचं पुस्तक लागलं. कोपरे दुमडलेले, पानोपानी पामतेलाची बोटं उमटलेली, आणि उसवलेली पाठ जाड दोऱ्याने शिवलेली. टाके एसिनामचे होते. लहानपणापासून तिचा टाका डावीकडे झुकायचा, त्यावरून अब्लाने तिला किती बोल लावले होते. म्हातारीने पुस्तक छातीशी धरलं.

सेलोर्मने आजीचं कापड ओढलं. "आजी, ते वरच्या फळीवरचं..."

"मोठी माणसं निवडत असताना मध्ये तोंड घालायचं नसतं."

पोरीने कापड सोडलं. ट्रक गेला तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती, धूळ खाली बसेपर्यंत.

रात्री जेवणं झाल्यावर अब्ला म्हणाली, "वाच." सेलोर्मने बकरीचं पुस्तक एका दमात म्हणून टाकलं, बरंचसं पानाकडे न बघता. मिटलं.

"एवढ्यात? तुझं आवडतं ना हे?"

"हे सगळ्यांचं आहे, आजी. खाता खाता वाचायचं."

"मग तुझं कुठलं?"

"होडीचं. आईचं आणि माझं. ती आधी हात धुवायला लावायची, मग आपल्या पदराने पुसायची. रोज दोनच पानं वाचायचो." ती थांबली. "दवाखान्यात गेली ना, तेव्हा शेवटची दोन राहिली होती. म्हणाली, आल्यावर वाचू."

"मग तू एकटीने नाही वाचलीस?"

"आल्यावर वाचायची होती."

अब्लाने फोन काढला. आयुष्यात कुणाची विनवणी न केलेली बाई सेनानूला "बाबा रे" म्हणाली.

"होडीचं?" तो म्हणाला. "आजी, होड्यांची चार-पाच तरी होती. तीन शाळांत खोकी उतरवून झाली. पोरांनी तिथल्या तिथे फोडली, पुस्तकांवर तुटून पडली."

"शोध."

"शोधतो," तो म्हणाला. नको असलेल्या गिऱ्हाईकाला अब्ला "उद्या ये" म्हणायची, अगदी त्याच आवाजात.

तिने फोन ठेवला. सेलोर्म बघत होती. तिने रडावं, पाय आपटावे, आजीला चार शब्द ऐकवावेत, असं म्हातारीला फार वाटलं. पण पोरीचं तोंड तिने स्वतःच बंद केलं होतं.

"मी चुकले गं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या जिभेला सवयीचे नव्हते. बाहेर येताना लागले.

"चालेल, आजी," सेलोर्म शहाण्या बाईसारखी म्हणाली, आणि आजीची ताटली उचलून धुवायला घेऊन गेली.