दोर वढ गं!

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो नागोबा म्हणजे शिवलीलाचा चुलतभाऊ अमरेश. मन्नाएखेळ्ळीच्या पलीकडचा लाल कडा पहिल्यांदा चढली ती शिवलीला. तो मागनं, तिनं वरून धरलेल्या दोराला लटकत. आणि लातूरच्या नागेंद्रसरांना माहिती धाडली कुणी? ह्यानं! 'पहिली चढाई : अमरेश. शेवटचा टप्पा सोपा, मेखा ठोकायला भेगा भरपूर.'

नाव खाल्लं ते खाल्लंच, पण त्या 'भरपूर'नं शिवलीलाचं डोकं फिरलं होतं. शेवटच्या टप्प्यात एकही भेग नव्हती. तिथं हात सुटला तर माणूस पार खालच्या मेखेच्याही खाली आदळणार. नागेंद्रसर तर नव्या वाटांचं पुस्तक छापायला निघालेले. ते वाचून कुणाचं तरी लेकरू इथं चढणार आणि मरणार.

"अण्णा, खोड ते," ती रोज सांगत होती. "माझं नाव नको लिवूस. पण भेग न्हाई म्हणून लिव."

"जळायलीस तू," तो म्हणायचा. "पोरीच्या जातीनं जरा गप बसावं."

आज सर स्वतः आले. शिवलीलानं तोंड उघडलं, तसा अमरेश मध्येच गुरकावला, "घरची भांडणं सरांपुढं नकोत!" सर म्हणाले, "अमरेश, छापायच्या आधी एकदा चढून दाखवा. मी खालून लिहून घेतो." आता नाही कसं म्हणणार? दोर धरायला शिवलीलाच उभी राहिली. "चढ की मग," ती म्हणाली.

खालचा भाग तो बरा चढला. मेखा ठोकल्या, दोर अडकवत गेला. मग शेवटचा टप्पा आला आणि गडी डावीकडं चाचपतोय, उजवीकडं चाचपतोय. भेग असेल तर सापडेल ना! पाय निसटायला लागला तसा तो बोंबलला, "शिवलीला, वर वढ! दोर वढ गं!"

नागेंद्रसरांचा हात लिहिता लिहिता थांबला. दोर तर खालून गेलेला, वर ओढणार कोण? पुढं चढणारा माणूस असं कधी ओरडत नाही. ही बोंब मागून येणाऱ्याची, ज्याला वरचा माणूस ओढून घेतो.

शिवलीला संतापली होती. दोर मात्र तिनं घट्ट धरला होता.

"अण्णा, मेख ठोकायला भेग हाय का तिथं?"

"खाली घे मला!"

"हाय का न्हाई? मोठ्यानं सांग!"

"न्हाई! एक बी न्हाई!"

"मग कामून लिवलास? डावा पाय खालच्या खोबणीत घाल. हळू. उतर."

तो कसाबसा खालच्या मेखेपर्यंत उतरला. तिथून तिनं त्याला दोरानं खाली घेतलं. जमिनीला टेकल्याबरोबर तो मटकन बसला.

"पहिल्यांदा कोण चढलं?" सरांनी विचारलं.

"घरातलंच हाय, सर. तिचं काय, माझं काय..."

शिवलीलानं पुढचं ऐकलंच नाही. दोराचं एक टोक तिनं आपल्या कमरेला बांधलं आणि बाकीचा दोर त्याच्या मांडीवर फेकला.

"धर. मागच्या बारीला धरला होतास तसाच. सर, तुमी लिवा. मी वरनं सांगते."